मिलिमीटरच्या लहरी आणि एक नरसाळे : आचार्य जगदीशचंद्र बोस

१८९५ साल. कलकत्त्याचा टाऊन हॉल प्रेक्षकांनी भरून गेला होता. अध्यक्षस्थानी होते बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर. पुढे उभा होता प्रेसिडेन्सी कॉलेजातील एक भारतीय प्राध्यापक, वय वर्षे छत्तीस-सदतीस. त्याने टेबलावरील एका लहानशा पेटीची कळ दाबली. पेटीत एक बारीक ठिणगी उडाली; ती कुणाला दिसलीही नसेल. पण पंचाहत्तर फुटांवर, भिंतींच्या पलीकडे असलेल्या तिसऱ्या खोलीत घंटा वाजली, पिस्तुलाचा बार झाला आणि थोडीशी दारू ठेवली होती ती भडकली. मध्ये तार नव्हती, दोरी नव्हती. जे काही गेले ते भिंतींतून गेले आणि जाताना खुद्द लेफ्टनंट गव्हर्नरसाहेबांच्या भरभक्कम देहातूनही गेले. साहेबांना त्याचा पत्ता लागला नाही!

हा प्राध्यापक म्हणजे जगदीशचंद्र बोस. आपल्यापैकी बहुतेकांना हे नाव शाळेच्या पुस्तकातून ठाऊक आहे ते झाडांमुळे. वनस्पतींना संवेदना असतात असे सांगणारे शास्त्रज्ञ, एवढीच त्यांची ओळख आपण मनाशी बाळगून असतो. झाडांच्या आधीचे बोस मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्यांच्याविषयी या पानांवर थोडे लिहावे असे बरेच दिवस मनात होते. आमच्या कला शाखेच्या वाचकांनी अँटेना आणि तरंगलांबी हे शब्द दिसताच पान उलटू नये, एवढीच विनंती. जिथे शास्त्र येईल तिथे ते घरातल्या वस्तूंच्या मदतीने सांगण्याचा प्रयत्न करीन. आणि बोसांच्या बाबतीत ते अवघड नाही, कारण त्यांची प्रयोगशाळा बरीचशी घरातल्या वस्तूंचीच होती.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते आणि ब्राह्मो समाजाचे कार्यकर्ते होते. त्या काळी साहेबाच्या हाताखालचा अधिकारी मुलाला इंग्रजी शाळेत घाली. भगवानचंद्रांनी मुलाला बंगाली पाठशाळेत घातले. वर्गात एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. पाण्यातल्या जिवांच्या गोष्टी जगदीशने या मित्रांकडूनच ऐकल्या. शाळेत नेण्या-आणण्यासाठी वडिलांनी जो गडी ठेवला होता तो पूर्वाश्रमीचा दरोडेखोर! भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा ठोठावली होती. तुरुंगातून सुटल्यावर पोट कसे भरू, असे विचारत तो त्यांच्याच दाराशी आला, तेव्हा त्यांनी त्याला आपल्या मुलाला खांद्यावरून शाळेत नेण्याचे काम दिले. लहानग्या जगदीशने त्याच्या खांद्यावर बसून दरोड्यांच्या कथा ऐकल्या. महाभारतातला त्याचा आवडता वीर होता कर्ण. पुढे बोसांच्या वाट्याला जे आले ते पाहता ही आवड योगायोगाची वाटत नाही.

अकराव्या वर्षी तो कलकत्त्यास आला. आधी हेअर स्कूल, मग सेंट झेवियर्स. तेथे फादर लाफाँ नावाचे जेझुइट पाद्री पदार्थविज्ञान शिकवीत. प्रयोग करून दाखवण्यात त्यांचा हातखंडा होता. १८७९ साली बोस बी. ए. झाले. विलायतेस जाऊन आय. सी. एस. व्हावे असे त्यांना वाटत होते. वडिलांनी साफ नकार दिला. मुलाने दुसऱ्यांवर हुकूमत गाजवू नये, असे त्या सरकारी अधिकाऱ्याचेच मत! पण तोवर भगवानचंद्र कर्जात बुडाले होते. लोकांसाठी काढलेल्या औद्योगिक शाळेत आणि आसामातील चहाच्या मळ्यात त्यांनी पैसा घातला होता, तो परत आला नाही. मुलाच्या परदेशगमनासाठी आईने अंगावरचे दागिने मोडण्याची तयारी दाखवली. १८८० साली जगदीशचंद्र लंडनला वैद्यक शिकायला गेले. आसामात जडलेला काळा आजार त्यांची पाठ सोडीना. शवविच्छेदनाच्या खोलीतील वासाने ताप आणखी बळावे. वर्षभरात वैद्यक सोडावे लागले आणि ते केंब्रिजला क्राइस्ट्स कॉलेजात विज्ञान शिकू लागले. मेहुणे आनंदमोहन बोस याच कॉलेजातून १८७४ मध्ये रँग्लर झाले होते; ते पहिले भारतीय रँग्लर. (आपले रँग्लर परांजपे १८९९ चे, ते सिनिअर रँग्लर.) केंब्रिजमध्ये बोसांना लॉर्ड रॅले हे गुरू लाभले. हा गुरू पुढे जन्मभर उपयोगी पडला.

१८८५ मध्ये बोस परतले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून लागले. लागले म्हणजे काय, हंगामी लागले. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांची शिफारस होती म्हणून शिक्षणखात्याने नाइलाजाने घेतले. भारतीय माणसाला अचूक विज्ञान शिकवता यायचे नाही, अशी त्या खात्याची पक्की समजूत होती. त्या वेळी भारतीय प्राध्यापकाला युरोपियनाच्या दोन-तृतीयांश पगार मिळे. बोस हंगामी असल्याने त्याच्याही निम्मा, म्हणजे एक-तृतीयांश. बोसांनी काय केले? त्यांनी तक्रारअर्जांची भेंडोळी पाठवली नाहीत की राजीनामाही दिला नाही. ते रोज वेळेवर कॉलेजात जात, मन लावून शिकवीत आणि महिनाअखेर पगार घेत नसत. असे तीन वर्षे चालले.

तीन वर्षे! घरी वडिलांचे कर्ज, १८८७ मध्ये झालेले लग्न आणि पगार शून्य. पत्नी अबला या मद्रासेस वैद्यक शिकलेल्या, समाजसुधारक दुर्गामोहन दासांची कन्या. स्वस्तात घर मिळते म्हणून नवराबायको काही काळ नदीपलीकडे चंदननगरला राहिली. सकाळी बोस छोट्या नावेतून नदी ओलांडून आगगाडी गाठीत आणि रिकामी नाव परत वल्हवीत नेण्याचे काम अबलाबाई करीत. बोसांच्या चरित्रात मला हा प्रसंग टाऊन हॉलमधील प्रसंगाइतकाच मोठा वाटतो. अखेर कॉलेजचे प्राचार्य आणि शिक्षणसंचालक दोघांचेही मत पालटले. नोकरी कायम झाली आणि मागील तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी हाती आला. तो सगळा कर्जफेडीत गेला. गावाकडची जमीनही विकली गेली. वडिलांच्या नावावर एक पै देणे राहू दिले नाही तेव्हाच मुलाच्या जिवाला स्वस्थता लाभली.

३० नोव्हेंबर १८९४. बोसांचा छत्तिसावा वाढदिवस. त्या दिवशी त्यांनी ठरवले की यापुढे शिकवण्याबरोबर संशोधन करायचे. छत्तिसाव्या वर्षी संशोधन सुरू करणे म्हणजे आजच्या हिशेबाने फारच उशीर. प्रयोगशाळा नव्हतीच. कॉलेजातल्या न्हाणीघराशेजारची एक अगदी लहान खोली त्यांनी ताब्यात घेतली. पत्र्याची कामे करणारा एक कारागीर हाताशी धरून त्याला उपकरणे बनवायला शिकवले. खर्च पदरचा. दिवसभर अध्यापन, रात्री प्रयोग.

विषय कोणता? हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ च्या सुमारास विजेच्या लहरी हवेतून जातात हे सिद्ध केले होते. प्रकाशही अशाच लहरींचा, फक्त फार आखूड लहरींचा. लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. हर्ट्झच्या लहरी कमीत कमी ६६ सेंटिमीटरच्या होत्या. आता, काचेच्या लोलकाने प्रकाश वळतो तशा या लहरी वळतात का हे पाहायचे तर लोलक लहरीहून बराच मोठा हवा. हर्ट्झने डांबराचा लोलक केला. त्याचे वजन सुमारे सहाशे किलो भरले! बोसांच्या खोलीत तो लोलक आणि बोस हे दोघे एका वेळी मावलेच नसते. इंग्लंडात ऑलिव्हर लॉज यांनी या विषयावर व्याख्याने दिली होती. ती छापून आल्यावर बोसांनी वाचली आणि त्यांच्या ध्यानात आले की लोलक मोठा करण्याऐवजी लहर लहान करावी. लहर जितकी आखूड तितकी ती प्रकाशासारखी सरळ जाते, अडथळ्याला वळसा घालून भरकटत नाही, आणि सगळी उपकरणे टेबलावर मावतात. जागा नसल्यामुळे सुचलेली ही युक्ती असेल किंवा शास्त्राची गरज म्हणून सुचलेली असेल. मला वाटते दोन्ही.

बोसांनी २५ मिलिमीटरपासून ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या. पाच मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी लहर! आजच्या भाषेत ही ६० गिगाहर्ट्झची लहर. सेकंदाला साठ अब्ज कंपने. ती निर्माण करण्यासाठी त्यांनी प्लॅटिनमचा एक छोटा गोळा दोन बाजूंच्या दोन टोकांमध्ये बसवला आणि त्यांच्या फटीत ठिणगी पाडली. ठिणग्या सतत पाडल्या की गोळ्याचा पृष्ठभाग खरबरीत होतो आणि लहर बिघडते. म्हणून ते कळ दाबून एका वेळी एकच ठिणगी पाडीत. ठिणगी देणारे वेटोळे आणि बॅटरी दोन्ही त्यांनी धातूच्या दुहेरी पेटीत कोंडली, कारण तिथून चोरवाटेने निसटलेल्या लहरी प्रयोगाची नासाडी करीत. लहर बाहेर पडे ती फक्त एका धातूच्या नळीतून. नळी कधी चौकोनी, कधी गोल.

आता त्या नरसाळ्याकडे येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

पलीकडे लहर पकडणारे यंत्र होते. लहर पसरत पसरत येते. तिचा थोडासाच भाग त्या यंत्राच्या अरुंद तोंडात शिरणार. तेल ओतताना बाटलीच्या तोंडावर आपण काय ठेवतो? नरसाळे. बोसांनी ग्राहकयंत्राच्या तोंडाशी पत्र्याचे चौकोनी नरसाळे बसवले, पायापासून निमुळते होत जाणाऱ्या मनोऱ्यासारखे, आणि त्याला नावही साधेच दिले : गोळा करणारे नरसाळे. आज अभियंते त्याला हॉर्न अँटेना म्हणतात. हॉर्न म्हणजे शिंग. जुन्या ग्रामोफोनचा कर्णा आठवा. कर्ण्याशिवाय सुईचा आवाज क्षीण ऐकू येतो, कारण सुईजवळची अरुंद जागा आणि बाहेरची मोकळी हवा यांचे एकदम जमत नाही. आवाज मधल्या मध्ये माघारी फिरतो. कर्णा हळूहळू रुंदावतो आणि आवाजाला मोकळ्या हवेत अलगद सोडतो. विद्युत्लहरींचे तसेच. नळी एकदम संपली तर लहरीचा काही भाग उलट फिरतो. नळी हळूहळू फाकत गेली तर तो बाहेर पडतो, आणि बाहेरून येणारा आत शिरतो.

शिवाय आणखी एक गोष्ट साधते. तोंड लहरीच्या मानाने जेवढे रुंद, तेवढा झोत अरुंद. पाच मिलिमीटरच्या लहरीसाठी पाच सेंटिमीटरचे तोंड म्हणजे लहरीच्या दहापट. एवढ्याशा नरसाळ्याने सहा-सात अंशांचा झोत मिळतो. हर्ट्झच्या ६६ सेंटिमीटरच्या लहरीला असाच झोत हवा तर साडेसहा मीटरचे तोंड लागेल. ते कॉलेजच्या दारातून आत आले नसते.

ही उपकरणे नीट चालतात की नाही हे तपासणेही सोपे नव्हते. बोसांनी मध्यभागी अंशांच्या खुणा केलेली गोल तबकडी ठेवली. एका बाजूला प्रेषक, आणि ग्राहक बसवला फिरत्या आडव्या दांड्यावर. मध्ये गंधकाचा लोलक किंवा भिंग किंवा एखादा स्फटिक ठेवायचा, ठिणगी पाडायची, गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो का पाहायचे. दांडा अंशभर सरकवायचा, पुन्हा ठिणगी. आज अँटेनाची चाचणी घेताना भिंतींना लहर शोषणारे फेसाळ शंकू लावलेल्या बंद खोलीत, फिरत्या चौथऱ्यावर अँटेना ठेवून, अंशाअंशाने ती फिरवीत मोजणी करतात. यंत्रे बदलली, हाताचे काम संगणक करतो; फिरवायचे आणि मोजायचे ही रीत तीच.

लहर पकडण्यासाठी तेव्हा युरोपात नळीत लोखंडाचा कीस भरत. बंगालच्या दमट हवेत तो कीस गंजे. बोसांनी कीस टाकून दिला आणि एका खाचेत पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा, दोन मिलिमीटर जाडीच्या, शेजारी शेजारी मांडल्या. बाजूच्या स्क्रूने त्यांच्यावरचा दाब कमीजास्त करता येई. दाब नेमका बसला की यंत्र कमालीचे संवेदनक्षम होई.

आणि बाकीची सामग्री? लहरीचे ध्रुवण, म्हणजे तिच्या कंपनाची दिशा एकाच पातळीत बांधणे, हे तपासायला त्यांनी आगगाडीच्या वेळापत्रकाचे जाडजूड ब्रॅडशॉ घेतले आणि पानापानांमध्ये कथिलाचा वर्ख घातला. झाले ध्रुवक तयार! ही कंपनाची दिशा पीळ देऊन फिरवता येते हे दाखवायला त्यांनी बंगालात मुबलक मिळणारा ताग वापरला. तागाच्या जुड्या उजवीकडे पिळल्या की दिशा एका बाजूला फिरे, डावीकडे पिळल्या की दुसऱ्या. गंधकाची भिंगे ओतून केली. दोन लोलक अगदी जवळ आणले तर लहर मधली हवेची फट ओलांडून पलीकडे जाते आणि फट रुंदावत नेली तर कमी कमी जाते, हे त्यांनी १८९७ मध्ये मोजून प्रसिद्ध केले. त्या दोन लोलकांची गोष्ट पुढे एकदा येणार आहे, ती लक्षात ठेवावी.

मे १८९५ मध्ये बोसांचा पहिला निबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे वाचला गेला. दुसरा लॉर्ड रॅले यांच्यामार्फत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गेला. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. दिली. त्याच वर्षी बोस पतिपत्नी इंग्लंडला गेली. लिव्हरपूल येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात बोसांनी आपली उपकरणे चालवून दाखवली तेव्हा वृद्ध लॉर्ड केल्व्हिन लंगडत गॅलरीत चढले आणि अबलाबाईंचे त्यांनी अभिनंदन केले. २९ जानेवारी १८९७ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारचे मानाचे व्याख्यान झाले. ज्या व्यासपीठावरून फॅराडे बोलत असत तेच हे व्यासपीठ.

याच सुमारास मार्कोनी नावाचा तरुण इटालियन लंडनात ब्रिटिश पोस्टखात्यासाठी बिनतारी संदेशाचे प्रयोग करीत होता. इथे थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. मार्कोनीने बोसांचा शोध चोरला आणि नोबेल मिळवले, असे आपल्याकडे मोठ्या आवेशाने सांगितले जाते. वक्तृत्व स्पर्धेत यावर टाळ्याही पडतात. खरी गोष्ट एवढी सरळ नाही. मार्कोनीला जहाजांपर्यंत, समुद्रापलीकडे संदेश न्यायचे होते. त्याची वाट लांब लांब लहरींकडे जाणारी होती, कारण लांब लहर अडथळ्यांना वळसा घालते. बोसांच्या आखूड लहरी प्रकाशासारख्या सरळ जाणाऱ्या, क्षितिजाआड न जाणाऱ्या. बोसांना संदेश पाठवण्यापेक्षा लहरीचा स्वभाव जाणून घेण्यात रस होता. टाऊन हॉलच्या प्रयोगासाठी त्यांनी वीस फूट उंच खांबाच्या टोकाशी धातूची गोल तबकडी लावली होती, असे त्यांचे चरित्रकार पॅट्रिक गेडिस सांगतात. म्हणजे उंच एरियलची कल्पना त्यांनाही सुचली होती. पण त्यांनी ती पुढे नेली नाही. एका बाबतीत मात्र मार्कोनीकडे बोट दाखवायला जागा आहे. डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश त्याने ज्या पाऱ्याच्या ग्राहकावर टेलिफोन कानाला लावून ऐकला, तो इटालियन नौदलाकडून आल्याचे सांगितले गेले. परंतु लोखंड आणि पारा यांच्या ग्राहकाचे टेलिफोनसह वर्णन बोसांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीच्या इतिवृत्तात छापले होते. विद्युत् अभियांत्रिकीच्या इतिहासाचे अभ्यासक यावर १९९८ नंतर बरेच लिहीत आले आहेत.

चोरी झाली की नाही यापेक्षा बोसांनी स्वतः काय केले, हे मला अधिक विचार करायला लावते. १९०१ मध्ये लंडनला एका व्याख्यानाच्या आधी एका बड्या तारकंपनीचा मालक पेटंटचा कागदच घेऊन त्यांच्याकडे आला. खर्च माझा, नफा निम्मा निम्मा, असा त्याचा प्रस्ताव होता. बोसांनी तो झिडकारला आणि पैशाच्या त्या हावेविषयीचा उबग मित्र रवींद्रनाथांना पत्रातून कळवला. रवींद्रनाथ हे त्यांचे अंतरंग मित्र. पद्मेकाठी शिलाईदहला बोस सुटीत जात, आणि त्यांची अट असे की दर भेटीला रवीबाबूंनी एक नवी गोष्ट वाचून दाखवावी. बोस इंग्लंडात पैशावाचून अडकले तेव्हा त्रिपुराच्या महाराजांकडून मदत मिळवून दिली तीही रवींद्रनाथांनीच. पेटंट न घेण्याच्या हट्टावर मात्र भगिनी निवेदिता आणि स्वामी विवेकानंदांच्या अमेरिकन शिष्या सारा बुल यांनी मात केली. शिशाच्या खनिजाचा, म्हणजे गॅलिनाचा स्फटिक लहर पकडण्यासाठी वापरण्याच्या युक्तीवर अमेरिकेत अर्ज करवला गेला. २९ मार्च १९०४ रोजी ७५५८४० क्रमांकाचे पेटंट बोसांच्या नावे मिळाले. अर्धा हक्क सारा बुल यांच्या नावे होता. बोसांनी त्याचा एक पैसाही केला नाही. मुदत तशीच संपू दिली. अर्धवाहक स्फटिकावरचे हे जगातले अगदी सुरुवातीचे पेटंट होय.

हे योग्य झाले का? आमच्या स्टाफरूममध्ये यावर एकदा बराच वाद रंगला. ज्ञान विकू नये हे ऋषींचे वचन म्हणून मानावे, की पेटंटच्या पैशातून देशात दहा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असत्या असे म्हणावे? मला दुसरी बाजू अधिक पटते. पण ज्या माणसाने तीन वर्षे पगार नाकारला त्याला पैशाची भीती दाखवून वळवता येणार नव्हते, हेही खरे.

मग बोसांनी लहरी सोडल्या का? त्याची कथा मोठी मजेची आहे. त्यांच्या ध्यानात आले की दिवसभर काम केले की लहर पकडणारे यंत्र थकते, त्याची संवेदना मंद होते; विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होते. धातूला थकवा! तिथून ते सजीव आणि निर्जीव यांच्या सीमेवर गेले आणि १९०० च्या पॅरिस येथील भौतिकी परिषदेत त्यांनी हा विषय मांडला. जून १९०१ मध्ये रॉयल सोसायटीत इंग्रज शरीरशास्त्रज्ञांनी विरोध केला; पदार्थविज्ञानाच्या माणसाने आमच्या अंगणात येऊ नये, असा सूर निघाला आणि निबंध न छापता दप्तरात ठेवला गेला. बोसांनी हार न मानता १९०२ मध्ये ग्रंथच छापला. पुढची पस्तीस वर्षे झाडांची. वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ, लाजाळूच्या पानांच्या नोंदी, हे सारे आपण शाळेत वाचले आहे. वनस्पतींत विद्युत्संकेत धावतात हे त्यांचे म्हणणे टिकले. वनस्पतींना प्राण्यांसारखी मज्जासंस्था असते हे मात्र शास्त्राने स्वीकारले नाही.

कला शाखेच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. १८९६ मध्ये, म्हणजे लहरींचे प्रयोग ऐन भरात असताना, बोसांनी एक बंगाली विज्ञानकथा लिहिली. कुंतलीन नावाच्या केसांच्या तेलाच्या मालकाने कथास्पर्धा ठेवली होती. कथेत तेलाचा उल्लेख हवा अशी अट. बोसांच्या कथेत कलकत्त्यावर चालून येणारे वादळ समुद्रात तेलाची बाटली ओतल्याने शमते! त्या कथेला बक्षीस मिळाले. पुढे नावात आणि मजकुरात बदल करून ती त्यांच्या ‘अव्यक्त’ या १९२१ च्या संग्रहात आली. आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली होती, त्याची येथे आठवण होते.

१९१५ मध्ये बोस प्रेसिडेन्सीतून निवृत्त झाले. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे तिथले त्यांचे विद्यार्थी. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर स्थापन केले. चिन्ह घेतले दधीचीच्या अस्थींच्या वज्राचे. त्याच वर्षी ते सर झाले. १९२० मध्ये ज्या रॉयल सोसायटीने निबंध दडपला होता तिचेच ते सभासद झाले. त्याच साली गेडिस यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र निघाले. गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

नरसाळ्याचे काय झाले? १९०० नंतर जग लांब लहरींच्या मागे लागले आणि बोसांच्या नळ्या नि नरसाळी अडगळीत पडली. १९३० नंतर अमेरिकेत साउथवर्थ आणि बॅरो यांनी लहरींच्या नळ्या आणि शिंगे नव्याने शोधून काढली. मग युद्धात रडार आले. दोन लोलकांची गोष्ट तर त्याहून उशिरा उपयोगी पडली. अमेरिकेत ॲरिझोनातील किट पीकवर बारा मीटर व्यासाची एक रेडिओ दुर्बीण होती, तिच्यासाठी १.३ मिलिमीटरच्या लहरींचा ग्राहक बांधताना बोसांच्या १८९७ च्या निबंधांतील कल्पना वापरल्याचे तेथील शास्त्रज्ञ डॅरेल एमर्सन यांनी शंभर वर्षांनंतर नमूद केले.

आणि आता तर तांदळाच्या दाण्याएवढ्या लहरीला घरोघर मागणी आली आहे. लांब लहरींच्या पट्ट्यात दाटी झाली. जास्त माहिती वेगाने पाठवायची तर मोकळे रुंद पट्टे हवेत आणि ते वर, मिलिमीटरच्या प्रदेशात आहेत. २०२२ मध्ये आपल्या सरकारने फाइव्ह-जीसाठी लिलाव केला त्यात २६ गिगाहर्ट्झचा पट्टा होता. त्याची लहर साडेअकरा मिलिमीटरची, म्हणजे बोसांच्या टेबलावरचीच. ६० गिगाहर्ट्झची लहर हवेतला प्राणवायू शोषून घेतो, किलोमीटरभरात तिचा जोर अगदी नाहीसा होतो. म्हणून ती एका खोलीपुरत्या अतिवेगवान जोडणीला वापरतात. शेजारच्या खोलीला तिचा उपद्रव नाही. लहर लहान म्हणून अँटेनाही लहान. नखाएवढ्या जागेत अनेक अँटेना ओळीने बसवून, त्यांतील लहरींचा ताल मागेपुढे करून झोत हवा तिकडे वळवता येतो. बोसांना दांडा हाताने फिरवावा लागे. हाताचा पंजा मध्ये आला तरी या लहरी अडतात, ही मात्र नव्या अभियंत्यांचीही डोकेदुखी आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये विद्युत् अभियंत्यांच्या आय-ट्रिपल-ई या जागतिक संस्थेने प्रेसिडेन्सीच्या आवारात एक फलक बसवला. १८९४ ते १८९६ या काळातील मिलिमीटर-लहरींच्या पहिल्या संदेशप्रयोगांची नोंद त्यावर आहे.

बोस गेले ते २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, गिरिडीह येथे. एकोणऐंशीवा वाढदिवस आठवड्यावर आला होता. मूल नव्हते. अबलाबाईंनी १९१९ मध्ये नारी शिक्षा समिती काढली होती. त्या काम करीतच राहिल्या. ती स्प्रिंगांची खाच, चौकोनी नळ्या आणि पत्र्याचे नरसाळे अशी त्या खोलीतली उपकरणे कलकत्त्यास बसू विज्ञान मंदिराच्या संग्रहालयात जपून ठेवली आहेत.